पहिला सीझन: एवढंच सांभाळ

अरे, क्रिकेटच्या पहिल्या सीझनसाठी आधी मनापासून अभिनंदन! पहिल्या दोन-तीन मॅच खराब गेल्या की सगळे स्टान्स (बॅटिंगला उभं राहायची पद्धत) बदलायला धावतात, तू ते करू नकोस, एकाच कोचचं ऐक. सचिन १९८९ मध्ये कराचीला पहिल्या टेस्टमध्ये १५ वर बोल्ड झाला होता, म्हणून एका इनिंगवरून स्वतःला मोजू नकोस.

- फास्ट बोलर असशील तर नेट्समधले बॉलसुद्धा मोजून लिहून ठेव. कंबर दुखली की लगेच फिजिओला सांग, लपवू नकोस, कोवळ्या वयात तिथेच स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने हाडाला पडलेली बारीक चीर) होतं आणि अख्खा सीझन जातो (हे मी फार जवळून पाहिलंय).
- फिल्डिंग जीव तोडून कर.

आयपीएलचा विचार सध्या नकोच.