गाळा मुलाच्या नावावर घ्यावा का?

प्रश्न: मी ६४ वर्षांचा, पुण्यातल्या केंद्र सरकारच्या कार्यालयातून निवृत्त. मुलगा २८ वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग. प्रमाणपत्रावर ६५ टक्के. कोथरूडहून रोज बौद्धिक दिव्यांगांच्या कार्यशाळेत जातो. फी, रिक्षावाले काका आणि पोहण्याचा क्लास मिळून महिन्याला ८ हजार जातात, त्याच्या हातात मानधन येतं काही शे रुपये. मेहुणे म्हणतात, पैसे भरून कामाला कशाला पाठवता? वारज्यात २२ लाखांचा गाळा आहे, त्याच्या नावावर घ्या, झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान टाका. ५१ हजार टोकन दिलं आहे. जवळ २५ लाख आहेत. मुलगी बंगळुरूला असते.

उत्तर: गाळा घेऊ नका. मेहुण्यांचा हेतू चांगला आहे, हिशेब कच्चा आहे.

आधी दुकानच बघू. २२ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेसारख्या सुरक्षित ठिकाणी साधारण ८ टक्क्यांनी ठेवले, तर वर्षाला १ लाख ७६ हजार व्याज येतं, म्हणजे महिन्याला साडेचौदा हजारांच्या वर. दुकानात मुलगा एकटा बसणार नाही. हिशेब, उधारी, मशीन अडकलं की बघायला माणूस ठेवावा लागेल. त्याचा पगार, वीजबिल, मेंटेनन्स आणि हे बुडालेलं व्याज धरलं, तर दुकानाने महिन्याला तीसेक हजार सोडले तेव्हा कुठे तुम्ही बरोबरीत आलात. शिवाय पाचव्या महिन्यात त्या गल्ल्यावर दिवसभर कोण बसलेलं असेल, हे तुमच्या सौभाग्यवतींना विचारा. त्यांना उत्तर माहीत असणार.

पण माझी खरी हरकत ‘त्याच्या नावावर’ या शब्दांना आहे.

तुम्ही केंद्राचे निवृत्तिवेतनधारक. तुमच्यानंतर कुटुंब निवृत्तिवेतन पत्नीला आणि त्यांच्यानंतर या मुलाला आयुष्यभर मिळू शकतं. त्याला अट आहे: अपंगत्वामुळे तो स्वतःची उपजीविका कमावू शकत नसला पाहिजे. २०२१ पासून उत्पन्नाची मर्यादा अशी की, त्याचं इतर मार्गांनी येणारं उत्पन्न तुमच्या शेवटच्या पगाराच्या ३० टक्के अधिक महागाई मदत, यापेक्षा कमी हवं. आता त्याच्या नावावर गाळा, त्याच्या नावाचा दुकानाचा परवाना, वर चार ठेवी अशी कागदपत्रं उभी करा आणि वीस वर्षांनी मुलीला ती बँकेत समजावत बसू द्या. एवढं मोठं, महागाईबरोबर वाढणारं उत्पन्न गाळ्याच्या भाड्यासाठी धोक्यात घालायचं? कार्यशाळेच्या मानधनाने या मर्यादेला धक्का लागत नाही. मुलाचं नाव तुमच्या हयातीतच पीपीओमध्ये, म्हणजे तुमच्या निवृत्तिवेतनाच्या आदेशात, नोंदवून घेता येतं. झालेलं नसेल तर याच महिन्यात अर्ज करा. बाकी सगळं थांबलं तरी चालेल, हे थांबता कामा नये.

दुसरी अडचण विकण्याची. मुलगा १८ वर्षांचा झाला की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांचा समावेश असलेली स्थानिक समिती पालक नेमते. त्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. पालकत्वाचा अर्ज तुम्ही करायलाच हवा; पण उद्या तातडीने पैसे लागले तर गाळा विकणं मुलीला किती जड जाईल, बघा. पैसे आज तुम्हा दोघांच्या नावावर राहू द्या. मृत्युपत्र करा आणि त्यातूनच फक्त मुलासाठीचा ट्रस्ट उभा राहील अशी तरतूद चांगल्या वकिलाकडून लिहून घ्या. मुलीसोबत आणखी एक विश्वस्त पुण्यातला असावा.

आता त्या ८ हजारांबद्दल. मेहुणे त्याला तोट्यातला रोजगार म्हणतात, मी त्याला घरातला सगळ्यात आवश्यक खर्च म्हणेन. गोखलेनगरची कामायनी असो की एरंडवण्यातलं सेवासदनचं दिलासा, अशा कार्यशाळांत मुलं-मुली पणत्या रंगवतात, कागदी पिशव्या करतात. पण घरच्यांना त्यातून मिळतं ते सकाळी आवरून बाहेर पडण्याचं कारण, मित्र आणि आईला दुपारचे चार-पाच तास. ते बंद पडलं की घरी बसलेला मुलगा, वाढलेलं वजन आणि थकलेली आई, हा खर्च कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. सरकारी नोकऱ्यांत २०१६ च्या कायद्याने दिव्यांगांना ४ टक्के आरक्षण आहे, त्यातला १ टक्का बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, मानसिक आजार वगैरे गटांना मिळून. त्यावर विसंबू नका.

पोहणं तर मुळीच बंद करू नका. आपल्या पुण्याचे मुरलीकांत पेटकर जखमी झाल्यावर उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ साली हायडेलबर्गहून पॅरालिम्पिक सुवर्णपदक घेऊन आले. पदकाचं सोडा, पण आठवड्यातले तीन तास जिथे त्याला कोणी सूचना देत नाही, तेवढे तरी त्याचे असू देत.

२५ लाखांतले १५ बचत योजनेत ठेवा. त्यातून महिन्याला सुमारे १० हजार येतील, ८ हजार भागून थोडे उरतील. ६ लाख संतुलित म्युच्युअल फंडात, कारण रिक्षावाले काका दरवर्षी दर वाढवणारच. ४ लाख बँकेत, दुखण्याखुपण्यासाठी. निरामय योजनेत नाव घाला. नाममात्र वर्गणीत वर्षाला १ लाखापर्यंत आरोग्य संरक्षण आहे. जुनी करप्रणाली निवडत असाल तर त्याच्यासाठी ७५ हजारांची वजावट मिळते. अपंगत्व ८० टक्क्यांच्या आत असल्याने सव्वा लाखाची नाही. नव्या प्रणालीत ती नाहीच, तेव्हा दोन्ही आकडे मांडून बघा.

राहिलं टोकन. करारनामा नोंदवलेला नाही, तेव्हा परत मागा. नाही दिलं तर सोडून द्या. त्या गाळ्याच्या ७ टक्के मुद्रांक शुल्कात आणि १ टक्का नोंदणीतच १ लाख ७६ हजार गेले असते, आणि तेवढ्यात कार्यशाळा, रिक्षा, पोहणं मिळून बावीस महिने निघतात.