काळ्या रानात मेटल डिटेक्टरची खोली मोजताना

टेबलावर २५ सेंमीवरून नाणं पकडणारा डिटेक्टर परभणीच्या रानात १० सेंमीवर गप्प बसतो, असं तुम्ही लिहिलंय. हा त्रास मी भोगलाय. माझं यंत्र सर्व्हिसला दिलं तेव्हा त्यांनी कॉइलसमोर (यंत्राच्या जमिनीवर फिरवायच्या गोल टोकासमोर) नाणं फिरवलं, 'मशीन ओके' लिहिलं आणि तपासणीचे पैसे घेतले. मातीवर कुणी धरूनच पाहिलं नाही! हवेतल्या चाचणीतून यंत्र चालू आहे एवढंच कळतं.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे खड्डा खणून, नाणं पुरून, वर माती लोटून मोजणं. आपली काळी माती बेसाल्टची. उन्हात वाळलेल्या ढेकळाचा चुरा करून त्यात चुंबक फिरवा, त्याला काळी पूड चिकटते. ते मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचं चुंबकीय खनिज. डिटेक्टर या मातीशी जुळवून घेतो आणि तुम्ही नेमका तोच थर मोडता. मग बुजवलेला रिकामा खड्डाही कधी कधी वाजतो.

त्यापेक्षा बांधाच्या कडेला किंवा चराच्या उभ्या भिंतीत पहारीने आडवी भोकं पाडा: पृष्ठभागापासून १०, १५, २०, २५ आणि ३० सेंमी खाली, प्रत्येक अर्धा मीटर आत, एकमेकांपासून मीटरभर लांब. पहार, खोरं, हातातलं कडं चार पावलं दूर ठेवा. बांबूच्या कामटीला टोकाशी फट पाडून त्यात २५ मिमीची पितळी चकती आडवी बसवा आणि आत सरकवा. वरची माती जशीच्या तशी राहते. वरून कॉइल फिरवा, आवाज आला की कामटी बाहेर ओढा. तरीही वाजत असेल तर ते मातीचं किंवा जुन्या खिळ्याचं. कॉइल आडवी-उभी दोन्ही दिशांनी फिरवून वाजलं तरच धरा.

एक रुपयाचं नाणं वापरू नका. ते चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलचं असतं, डिस्क्रिमिनेशन (नको ते धातू गाळायची सोय) लावलं की लोखंड समजून गाळलं जातं.

ग्राउंड बॅलन्स, म्हणजे यंत्र मातीशी जुळवणं, स्वच्छ जागी, कॉइल ५ ते ३० सेंमी वरखाली करून करा. सेन्सिटिव्हिटी पूर्ण चढवायचा मोह नकोच. लहान वस्तू लांब असेल आणि तिचं कॉइलपासूनचं अंतर दुप्पट झालं, तर परतीचा सिग्नल साधारण ६४ पट घटतो. वाढवलेला आकडा फक्त मातीचा गोंगाट वाढवतो. दोन-तीन घर खाली आणा, बहुतेक वेळा खोली वाढलेली दिसेल. मोठी कॉइलही इथे हमखास सरस नसते, ती मातीही जास्त बघते. हे माझं मत, यंत्रागणिक फरक पडेल.

मे महिन्यातल्या भेगाळलेल्या रानात मोजू नका, भेगांवर खोटे आवाज येतात. पावसानंतर वाफसा आला की मोजा. सेकंदाला एक टिक येत असेल तर शेजारच्या कुंपणाचं झटका मशीन बंद करून घ्या.

मी वकील नाही, तरी सांगतो: तेर, पैठण, भोकरदनच्या जुन्या पांढरीवर (प्राचीन वस्तीच्या टेकाडावर) यंत्र नेऊच नका. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे, जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं.

पाचही भोकांचे निकाल आणि कॉइलचं माप लिहा, मग यंत्रात दोष आहे का ते पाहू.