मांडव घातला तरी चारनंतर पश्चिमेचं ऊन अंगणात येतंच. काय करावं?

मांडवाच्या पश्चिम अंगाला उभी जाळी लावून तिच्यावर मधुमालती चढवा. वरचं छत दाट करून उपयोग होणार नाही. चारनंतर सूर्य खाली उतरत जातो आणि ऊन छताखालून तिरपं आत शिरतं. बागा करून देणं हेच माझं काम, आणि ही चूक मला सारखी दिसते. मधुमालती भर उन्हातही जोमाने वाढते. संध्याकाळी पांढरी उमललेली फुलं पुढे गुलाबी, मग लाल होतात, वासही सुरेख! वेल भरेपर्यंत शेडनेट बांधा. मात्र पावसात भिजलेली वेल फार जड होते, म्हणून बांबूऐवजी लोखंडी पाइपच घ्या, तेही काँक्रीटमध्ये रोवून.