जीटीके संगणकावर असूनही कंपाइल करताना ‘सापडत नाही’ असा संदेश का येतो?

अंधेरीच्या महाविद्यालयातील प्रयोगशाळेत उबुंटूवर चित्रकलेचा एक प्रोग्रॅम मूळ कोडपासून कंपाइल करताना (म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवताना) ‘नो पॅकेज जीटीके-प्लस-३.० फाउंड’ असा संदेश येतो, पण त्याच संगणकावर जीटीकेवरचे (म्हणजे खिडक्या, बटणे दाखवणाऱ्या या लायब्ररीवरचे) बाकीचे प्रोग्रॅम व्यवस्थित चालतात, असे तुम्ही लिहिले आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रणालींमध्ये प्रोग्रॅम चालवण्यापुरती लायब्ररी एका पॅकेजात असते, तर कंपाइलरला लागणाऱ्या हेडर फाइली (लायब्ररीत काय काय आहे ते सांगणाऱ्या), लिंकरसाठीचा (प्रोग्रॅम लायब्ररीशी जोडणाऱ्या साधनासाठीचा) दुवा आणि ‘डॉट पीसी’ फाइल हे सारे नावाअखेरीस ‘डेव्ह’ असलेल्या वेगळ्या पॅकेजात असते. फेडोरा या दुसऱ्या लिनक्स प्रणालीत त्याच जागी ‘डेव्हल’ असते.

संदेशातले नाव हे पॅकेजचे नाव नव्हे, हे आधी नीट लक्षात घ्या. पीकेजी-कॉन्फिग हा प्रोग्रॅम ‘जीटीके-प्लस-३.० डॉट पीसी’ नावाची छोटीशी मजकूर फाइल शोधत असतो. लायब्ररीची आवृत्ती, हेडरचा मार्ग आणि लिंक करतानाचे पर्याय तिच्यात लिहिलेले असतात. ती फाइल ‘लिबजीटीके-३-डेव्ह’ या पॅकेजातून येते, आणि ते एपीटी या पॅकेज बसवणाऱ्या साधनाने बसवले की जीटीकेला लागणाऱ्या कैरो, पँगो व जीलिब या लायब्ररींची डेव्ह पॅकेजेही सोबत येतात. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या जीटीके ४ चे डेव्ह पॅकेज इथे चालणार नाही, कारण त्याची ‘डॉट पीसी’ फाइलच वेगळ्या नावाची आहे.

पुढे दुसरी एखादी लायब्ररी अडली, तर नावाचा अंदाज बांधत बसू नका. ‘एपीटी-फाइल’ हे शोधसाधन बसवून त्याची यादी अद्ययावत करा आणि हरवलेल्या हेडरचे किंवा ‘डॉट पीसी’ फाइलचे नाव त्याला द्या. ती कोणत्या पॅकेजात आहे हे तो सांगतो. तोच प्रोग्रॅम उबुंटूच्या पॅकेज-भांडारात असेल, तर सोर्स रिपॉझिटरी (मूळ कोडचे भांडार) चालू करून ‘एपीटी बिल्ड-डेप’ चालवल्यास बहुतेक गरजा एका फटक्यात भागतात, मात्र तुमचा कोड भांडारातल्यापेक्षा नवा असेल तर एखाददुसरी लायब्ररी तरीही राहून जाते.

इंटरनेटवरून लायब्ररीची सुटी ‘डॉट एसओ’ फाइल उतरवून यूएसआर-लिब या प्रणालीच्या फोल्डरमध्ये टाकण्याचा सल्ला तुम्हाला कोणी दिला असेल, तर तो कृपया पाळू नका. हेडर एका आवृत्तीचे आणि लायब्ररी दुसऱ्या आवृत्तीची असली की कंपाइल कदाचित निभावेल, पण चालू प्रोग्रॅम मध्येच कोसळेल आणि त्याचे कारण शोधणे फार जड जाईल.

प्रयोगशाळेत तुम्हाला सुडोचा (म्हणजे व्यवस्थापक म्हणून आज्ञा चालवण्याचा) अधिकार नसणार, म्हणून हवी असलेली पॅकेजेस नेमक्या नावांनिशी तिथल्या व्यवस्थापकांना लेखी द्या. ‘जीटीके बसवा’ एवढेच सांगितले तर ते आधीच बसवलेले आहे, असेच उत्तर मिळेल. पॅकेजेस आल्यावर कंपाइलचा जुना बिल्ड फोल्डर पुसून कॉन्फिगर (लागणाऱ्या लायब्ररी तपासणारी स्क्रिप्ट) नव्याने चालवा. तरीही अडले, तर तिने लिहिलेल्या कॉन्फिग डॉट लॉग या नोंदींच्या फाइलमधली पहिली चूक इथे जशीच्या तशी टाका. शेवटची नको, कारण ती बहुधा पहिलीचाच परिणाम असते.