गणपतीत बायका कामावर आल्या नाहीत, आणि...

"मॅडम, कितीही केलं तरी आपण बाहेरचेच ना?" रत्नागिरीत समुपदेशनाला येणारे बरेच जण मला हा प्रश्न विचारतात, कोण घाटावरचं, कोण सोलापूरचं, पण ही केस नेपाळहून आलेल्या बाईची (ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय). नवरा हापूसच्या बागेत राखणीला, ही आधी तिथेच पेट्या भरायची, मग एक शिलाई मशीन घेतलं, करत करत ८ झाली, वर एक ओव्हरलॉक (कापडाच्या कडा शिवायचं मशीन), आता गाऊन आणि कुर्ते शिवून आसपासच्या दुकानांना देते. तरी वाडीत अजून "गुरख्याची बायको"च. हे मलाही खटकतं, तुझ्या मनाचे खेळ आहेत असं मी तिला कधीच म्हटलं नाही.

माझ्याकडे आली तेव्हा झोप पार उडालेली. गणपती आले आणि तिच्याकडे शिवणाऱ्या सगळ्या बायका घरी, दिवाळीचा माल अर्धा पडून, ही रात्री २ पर्यंत एकटी काज-बटण करत बसायची आणि एकच घोकायची, मी नेपाळी म्हणून सोडून गेल्या. म्हटलं अगं बाई, गणपतीत कोकणात मालक कोण ते बघून कोण सुट्टी घेतं, समोरच्या दुकानाला पण कुलूपच होतं ना!

बोलता बोलता कळलं, हरतालिकेला तिचाही उपास होता, त्यांची तीज तोच दिवस. म्हणजे त्या घरी उपाशी आणि ही मशीनवर उपाशी. सुट्टी का नाही घेतलीस विचारलं तर गप्प.

वही दिली, एका बाजूला काय घडलं, दुसऱ्या बाजूला मला काय वाटलं. माल परत आला, वाटलं बाहेरची म्हणून, घडलं काय तर शिवण उसवलेली. असं बरंच निघालं. पण जागेचा मालक भाडं वाढवताना "तुमचं काय, उद्या जाल निघून" बोलला, ते मात्र दोन्ही बाजूंना तेच. तिथे मी समजूत घातली नाही. १९५० च्या भारत-नेपाळ करारात एकमेकांच्या नागरिकांना राहायची, व्यापार करायची मुभा आहे एवढं सांगितलं आणि भाड्याचा कागद घेऊन वकिलाकडे पाठवलं.

परवा फोन आला. मला वाटलं पुन्हा तेच, तर ओव्हरलॉकची मोटर जळली म्हणून पाऊण तास त्या मेकॅनिकला शिव्या घालत होती.