वाचकांचे प्रश्न : वाढदिवसाची भेट आणि वाचनाची गोडी

प्रश्न : माझी मुलगी पुढच्या महिन्यात नऊ वर्षांची होईल आणि मुलगा पाच वर्षांचा आहे. गेल्या वाढदिवसाला मी मुलीला मोठ्या हौसेने गोष्टींच्या पुस्तकांचा संच दिला. परंतु त्यातले एकही पुस्तक तिने शेवटपर्यंत वाचलेले नाही. या वेळी तिला सायकल हवी आहे. वाढदिवसापर्यंत दहा पुस्तके वाचलीस तरच सायकल मिळेल, असे तिला सांगण्याचा माझा विचार आहे. ते योग्य ठरेल का? मी स्वतः पूर्वी पुष्कळ वाचत असे. आता पुस्तक हाती घेतले, की कामे पडलेली असताना आपण नुसत्या बसून आहोत असे वाटू लागते आणि दोन पानांतच ते मिटले जाते.

उत्तर : सायकल द्यायची असेल तर ती वाढदिवसाची भेट म्हणून मोकळ्या मनाने द्या, तिला पुस्तकांची अट जोडू नका. अमेरिकेतील मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी 1973 साली बालवाडीतील मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या मुलांना मुळातच चित्रे काढायला आवडत होते, त्यांपैकी काहींना चित्रे काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगण्यात आले. पुढे मोकळ्या वेळात हीच मुले इतरांपेक्षा कमी वेळ चित्रे काढताना आढळली. ज्यांना बक्षीस अनपेक्षितपणे मिळाले होते, त्यांच्यात मात्र अशी घट दिसली नाही. तुमच्या मुलीला अजून वाचनाची गोडीच लागलेली नाही, तेव्हा हा निष्कर्ष तिला तंतोतंत लागू होणार नाही, हे खरे. तरीही दहाचा आकडा समोर ठेवला, की ती सर्वांत पातळ दहा पुस्तके निवडेल आणि पाने उलटून मोकळी होईल, याची मला खात्री वाटते. शिवाय वाचन म्हणजे हवी ती वस्तू मिळण्याआधी उरकायचे काम आहे, अशी तिची समजूत होईल, आणि ती मोडून काढणे फार अवघड असते.

संच न वाचला जाण्यामागे आणखी एक साधे कारण असू शकते. तो तुम्ही निवडला होता, तिने नव्हे. या वेळी सायकलीशी काहीही संबंध न जोडता एखाद्या दिवशी तिला ग्रंथालयात किंवा पुस्तकांच्या दुकानात घेऊन जा आणि निवड पूर्णपणे तिच्यावर सोपवा. तिने चित्रकथा, कोडी, प्राण्यांची माहिती किंवा तुमच्या मते तिच्या वयापेक्षा लहान मुलांचे पुस्तक उचलले, तरी नापसंती दाखवू नका. सुरू केलेले पुस्तक आवडले नाही तर ते अर्धवट सोडण्याची मुभा आपण मोठी माणसे स्वतःला सहज देतो. ती मुलांनाही असली पाहिजे. आप्तेष्टांनी भेटीविषयी विचारले, तर तिला काय आवडते ते सांगा, मात्र पाहुण्यांसमोर ‘सध्या काय वाचतेस’ अशी तिची परीक्षा घेऊ देऊ नका. भेट दिलेल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर तारीख आणि दोन प्रेमाच्या ओळी जरूर लिहा. उपदेश तेवढा टाळा.

ती वाचू लागली आहे म्हणून तिला वाचून दाखवणे थांबवले असेल, तर ते पुन्हा सुरू करावे, असे मी आग्रहाने सुचवीन. या वयातील बहुतेक मुले स्वतः वाचून जेवढे समजू शकतात, त्याहून अवघड मजकूर त्यांना ऐकून समजतो. त्यामुळे जी कादंबरी तिला एकटीने वाचायला जड जाईल, ती तुमच्या आवाजात ती सहज ऐकेल. लहान भावाला त्यातले सगळे कळणार नाही, पण त्यालाही शेजारी बसू द्या.

आता तुमच्या वाचनाविषयी, कारण माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातला अधिक महत्त्वाचा भाग तोच आहे. घरातली कामे कधीच संपत नसतात. ती संपल्यावर वाचीन असे ठरवणाऱ्या आईला वाचायला वेळ मिळत नाही, आणि मुलांना वाचणारी आई दिसत नाही. दिवसातला अर्धा तास निश्चित करा आणि त्या वेळात मुलांकडे व घराकडे पाहण्याची जबाबदारी त्यांच्या वडिलांनी किंवा घरातल्या दुसऱ्या मोठ्या व्यक्तीने घ्यावी, असे स्पष्ट शब्दांत सांगा. हा वेळ मागताना ‘मुलांना वळण लागावे म्हणून’ अशी सबब पुढे करू नका. तुम्हाला वाचायला आवडते, एवढे कारण पुरेसे आहे. सुरुवातीला जाडजूड कादंबरीऐवजी कथा किंवा ललित लेख घ्या, किंवा पूर्वी आवडलेले एखादे पुस्तक पुन्हा काढा, कारण ओळखीच्या मजकुरात विस्कळीत मन लवकर स्थिरावते. शक्यतो छापील पुस्तक वाचा. मोबाइलवर तुम्ही उत्तम कथा वाचत असलात, तरी मुलांना केवळ मोबाइल पाहणारी आई दिसते. वाचताना हसू आले आणि मुलीने कारण विचारले, तर तेवढा उतारा तिला वाचून दाखवा आणि पुन्हा आपल्या पुस्तकाकडे वळा.

प्रश्न : माझा साडेतीन वर्षांचा मुलगा रोज रात्री एकाच पुस्तकाचा हट्ट धरतो. वाढदिवसाला मिळालेली नवी पुस्तके तो उघडूही देत नाही. त्याला बळेच नवे वाचून दाखवावे का?

उत्तर : मुळीच नाही. मानसशास्त्रज्ञ जेसिका हॉर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 साली तीन वर्षांच्या मुलांवरील एक अभ्यास प्रसिद्ध केला. नवे शब्द दोन्ही गटांतील मुलांच्या कानांवर सारख्याच वेळा पडले होते. परंतु ज्यांनी त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकल्या, त्यांना ते शब्द वेगवेगळ्या गोष्टी ऐकणाऱ्या मुलांपेक्षा अधिक चांगले आले. पुढे काय घडणार हे ठाऊक असल्यामुळे मुलाचे लक्ष शब्दांकडे आणि चित्रांतील बारकाव्यांकडे वळू शकते. तुम्हाला कंटाळा येणे स्वाभाविक आहे. अशा वेळी एखाद्या वाक्याच्या मध्येच थांबा आणि पुढचे शब्द त्याला म्हणू द्या. नवी पुस्तके त्याच्या हाताला लागतील अशा जागी ठेवा आणि त्यांतले एखादे तो आपणहून घेऊन येईपर्यंत जुनेच वाचत राहा.