मी पुण्यात अर्थशास्त्रात एमए करतोय. लिलाव, मॅचिंग, मार्केट डिझाइनवरच्या परिषदा-कार्यशाळांना जाऊन खरंच काही मिळतं का? स्वतःचा पेपर नसताना गेलं तर चालतं का?

चालतं. एवढंच हवं असेल तर इथेच थांबा, पुढे माझं जुनं दुखणं आहे.

मी इथल्याच एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. काही वर्षांपूर्वी भाचा अकरावीला आला. ऑनलाइन अर्जाचा भाग दोन भरायचा होता, म्हणजे पसंतीक्रम, जास्तीत जास्त दहा कॉलेजं. भाऊजींचं म्हणणं असं की पहिल्या नंबरला मिळणारंच कॉलेज टाकायचं. "फर्ग्युसन-बिर्ग्युसन लिहून पहिला नंबर वाया घालवू नका." आता गेल-शॅप्ली, म्हणजे दोन्ही बाजूंच्या पसंतीवरून मुलं आणि कॉलेजं जुळवायची (मॅचिंगची) पद्धत, दरवर्षी फळ्यावर मी लिहिणार आणि घरात हे ऐकून घेणार? पोह्यांची बशी बाजूला सारली आणि भाच्याच्या वहीच्या मागच्या पानावर सिद्ध करून दाखवलं की खोटा क्रम लावून कोणत्याच विद्यार्थ्याचा फायदा होत नाही. अकरावीला तर सगळ्या कॉलेजांची गुणवत्ता यादी एकच, दहावीचे मार्क. कोटे वगळले तर ती सरळ रांग आहे. जास्त मार्कवाला आधी निवडतो, तुझी पाळी आली की तुझ्या यादीत वरून पहिलं जे शिल्लक असेल ते तुझं. मग मनात आहे तेच लिही ना!

त्याने लिहिलं. दहाच्या दहा कॉलेजं डेक्कन-शिवाजीनगरच्या आसपासची, आणि सगळ्यांचे आदल्या वर्षीचे कटऑफ त्याच्या 91 टक्क्यांच्या वर.

पहिल्या यादीत नाव नाही. घराजवळचं एक बऱ्यापैकी कॉलेज त्याला सहज मिळालं असतं, पण ते यादीत नव्हतंच आणि त्या फेरीत भरून गेलं. दुसऱ्या फेरीत मिळालं ते दोन बस बदलून जायचं. पोरगं दोन वर्षं सकाळी सव्वासहाला घर सोडत होतं. ताई काही बोलली नाही, भाऊजी मात्र आजही सणावारी "आमच्या प्राध्यापकबाई" म्हणतात तेव्हा सगळे हसतात.

मी ते नशिबावर ढकललं. त्याच डिसेंबरात दिल्लीत एका कार्यशाळेत माझं पोस्टर होतं, तेही अकरावी प्रवेशावरच. इथे खरा पसंतीक्रम देणंच फायद्याचं, असा दावा. दुरांतोच्या वरच्या बर्थवर पोस्टरची नळी उशाला घेऊन गेले. दीड तासात तिघे थांबले, त्यातल्या एकाला बाथरूम कुठे ते हवं होतं. मग चहाच्या सुट्टीत पीएचडीचा एक मुलगा कागदी कपात बिस्किट बुडवत आला. यादी किती लांबीची, त्याने विचारलं. म्हटलं, दहाची. आणि कॉलेजं किती? दोनशेच्या वर. "मग मॅडम, तुमचा सिद्धांत इथे लागूच होत नाही."

त्याचं बिस्किट तुटून कपात पडलं, ते काढता काढता त्याने पुढचं सांगितलं. खरं बोलणं नेहमीच फायद्याचं ठरतं ते हवी तितकी नावं लिहू दिली तर. यादीला मर्यादा आली की कोणती दहा निवडायची, हाच डावपेच होतो. न्यूयॉर्कच्या शाळाप्रवेशाची पद्धत 2003 मध्ये अर्थशास्त्रज्ञ अॅल्विन रॉथ वगैरे मंडळींनी नव्याने बसवली, तिथेही बाराच नावं लिहू द्यायचे आणि तिथेही हीच भानगड. हेरिंगर आणि क्लाइन यांचा 2009 चा पेपर नेमका यावर आहे.

मी पोस्टरकडे वळून बघितलं. "कमाल पसंती : 10" पहिल्याच चौकटीत होतं. मीच टाइप केलेलं.

परिषदेला का जायचं, तर यासाठी. मुख्य भाषणं आता नेटवर बघता येतात, चहा तिथेच मिळतो. त्या मुलाने ते वाक्य मला ईमेलवर कधीच लिहिलं नसतं.

रात्री ताईला फोन केला तर तो भाऊजींनी घेतला. "मग मी काय सांगत होतो?" नाही, भाऊजी, तुम्ही हे सांगत नव्हतात. सुरक्षित कॉलेज यादीत हवं, हे बरोबर, पण ते तळाला, आठव्या-नवव्या-दहाव्या जागी. वरचा क्रम मनातलाच. तुमच्या म्हणण्याप्रमाणे ते पहिलं टाकलं असतं तर तेच मिळालं असतं, आणि पहिली पसंती मिळाली की प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर नियमित फेऱ्यांतून बाहेर. वरचं एखादं लागलं असतं तरी हातचं गेलं असतं. तुमचा सल्ला अमेरिकेतल्या बॉस्टनच्या जुन्या शाळाप्रवेशात सोन्यासारखा ठरला असता. तिथे शाळा आधी पहिली पसंती दिलेल्यांनाच घेत, म्हणून पालक घाबरून सुरक्षित शाळा वर टाकायचे. तिथल्या शाळामंडळानेच 2005 मध्ये ती पद्धत मोडीत काढली. चूक माझी होती हे मी मान्य केलंय, लेखी करतेय. पण म्हणून तुम्ही बरोबर होतात असं होत नाही.

असो. तुमचा प्रश्न.

आपल्याकडे "आंतरराष्ट्रीय परिषद" म्हणून जे होतं, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, दोन तास उद्घाटन आणि मग प्रत्येकाला सात मिनिटं, तिथे पाऊल टाकू नका. ती आम्हा प्राध्यापकांच्या पदोन्नतीच्या फायलीसाठी असतात. डिसेंबरात दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधली विंटर स्कूल आणि दिल्लीच्याच भारतीय सांख्यिकी संस्थेची परिषद यांच्यावर लक्ष ठेवा. नुसत्या मॅचिंगचं वेड लागलंच तर 'मॅच-अप' नावाची कार्यशाळा आहे, 2008 मध्ये रेकयाविकला सुरू झाली, दर दोन-तीन वर्षांनी युरोप-अमेरिकेत कुठेतरी भरते. संगणकवाल्यांची ईसी, म्हणजे अर्थशास्त्र आणि संगणन यांवरची परिषद, वेगळ्या जातीची. त्यांच्यात परिषदेतला पेपर म्हणजेच प्रकाशन, आपल्यात तो नुसता मसुदा, त्यामुळे अर्थशास्त्रवाल्यांसाठी तिथे एक पानी सारांश छापायची सोय ठेवलीय, म्हणजे पुढे जर्नलची वाट बंद होत नाही.

जायच्या आधी गेल-शॅप्लींचा 1962 चा पेपर वाचा. सात पानं आहेत, आळस करू नका. लिलावाबद्दल मला विचारू नका, तो माझा प्रांत नाही.

पेपर नसेल तर आयोजकांना चार ओळींची ईमेल टाका, बसू देतात बहुतेक. प्रवासाचे पैसे मात्र कोणी देत नाही आणि दिल्लीत डिसेंबरात राहणं स्वस्त नाही, हे आधी सांगायला हवं होतं. शिवाय मला भेटला तसा बिस्किटवाला प्रत्येकाला भेटेलच असं नाही. दोन परिषदांतून मी नुसती झोळी घेऊन परत आलेय.

भाच्याची धाकटी बहीण आता दहावीत आहे. अकरावी प्रवेश 2025 पासून राज्यभर ऑनलाइन झालाय, पसंत्या अजून दहाच. वरच्या सात नावांवर भाऊजींचं आणि माझं एकमत आहे. खालच्या तिन्हींवर ते परवा मला "बिस्किटवाल्याला विचारून सांगा" म्हणाले.